रिकाम्या जागेचा हिशेब

घराच्या छपरावर सौरपॅनेल बसली, गॅरेजच्या भिंतीला बॅटरी लागली आणि इन्व्हर्टरचा हिरवा दिवा एकदा स्थिर झाला, म्हणजे विजेच्या बाबतीत गृहस्थाचे कर्तव्य पूर्ण झाले, अशी जी समजूत आज सर्वत्र आढळते, ती ज्यांनी बॅटरी विकत घेतली आहे पण वापरलेली नाही अशांचीच असते. बॅटरीला स्वतःचा हेतू नसतो. ती केव्हा भरावी, किती भरावी, कोणत्या प्रहरी तिला हात लावू नये आणि कोणत्या प्रहरी तिच्यातली शिल्लक बाहेर काढून विकावी, याची तजवीज कोणी तरी आधी लिहून ठेवावी लागते. आणि ही तजवीज ऋतूप्रमाणे, दरपत्रकाप्रमाणे व घरातल्या माणसांच्या येण्याजाण्याप्रमाणे वरचेवर दुरुस्त करावी लागते. इंग्लंडातील रेडिंग गावी माझ्या भाच्याच्या घरी हे काम जवळून पाहण्याचा योग मला आला. त्यात जे पाहिले व समजले, ते आपल्याकडच्या वाचकांना आज नाही तर उद्या उपयोगी पडेल अशा विश्वासाने मी हे लिहीत आहे.

माझे सारे सेवाजीवन राज्याच्या वीज मंडळात गेले, आणि त्याचा मोठा भाग कळव्याच्या भारप्रेषण केंद्रात. राज्याला उद्या किती वीज लागेल, ती कोणत्या केंद्राने केव्हा पुरवायची आणि कोणते पाणी कोणत्या घटकेसाठी राखून ठेवायचे, याचे कोष्टक आदल्या दिवशी तयार करणे हा तिथला रोजचा शिरस्ता. आपल्या पश्चिम विभागात जुलै २००२ पासून उपलब्धतेवर आधारलेली दरपद्धती आली, तेव्हापासून दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ खंड पाडून प्रत्येक खंडाचा जमाखर्च स्वतंत्र मांडण्याची सवय आमच्या हाताला लागली. इंग्लंडात हेच खंड अर्ध्या तासाचे, म्हणजे दिवसाला ४८ असतात. जे काम करायला कळव्याला भिंतभर पडदे, टेलिफोनांची रांग आणि पाळीपाळीने जागणारे अभियंते लागत, तेच काम इथे माझी भाचेसून रात्रीची जेवणे उरकल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये करते, हे प्रथम पाहिले तेव्हा मला कौतुक वाटले. आणि तिच्या निर्णयांतील बारकावे जसजसे ध्यानात येऊ लागले, तसतसा त्या कौतुकाचा आदर झाला.

या कामाचे मूळ दरपत्रकात आहे. त्यांच्या घराला वीज देणाऱ्या ऑक्टोपस या कंपनीने पॅनेल व बॅटरी दोन्ही असलेल्या घरांसाठी २०२३ साली ‘फ्लक्स’ नावाचा दर सुरू केला. त्यात दिवसाचे तीन विभाग आहेत: पहाटे २ ते ५ स्वस्त, दुपारी ४ ते सायंकाळी ७ महाग आणि उरलेला सारा वेळ मध्यम. कंपनीकडून वीज घेण्याचा व तिला वीज देण्याचा भाव वेगवेगळा असतो. परंतु दोन्ही भाव याच तीन विभागांप्रमाणे चढतात व उतरतात. संध्याकाळचे ते तीन तास महाग का, याचे उत्तर त्या देशाच्या आकाशात आहे. डिसेंबरात रेडिंगचा सूर्य दुपारी चार वाजण्याच्या सुमारास मावळतो. कारखाने व कचेऱ्या अद्याप चालू असतात, मुले शाळेतून परत आलेली असतात, घरोघर दिवे लागतात आणि लवकर जेवणाऱ्या त्या समाजाच्या शेगड्या त्याच वेळी तापू लागतात. अशा वेळी ज्याच्या घरी वीज साठवलेली आहे त्याने ती घ्यायची नाही, उलट जमल्यास द्यायची, हा त्या दरपत्रकाचा आशय आहे. भावातला फरक हे त्या आशयाला लावलेले बक्षीस होय.

आता घरातली सामग्री. छपरावर ४ किलोवॅटची पॅनेल, गॅरेजमध्ये १० युनिटांची बॅटरी आणि तिला जोडलेला ३.६ किलोवॅटचा इन्व्हर्टर. या शेवटच्या आकड्यामागे कायदा आहे. तिथल्या नियमाप्रमाणे एका फेजवर १६ अँपिअरपर्यंत, म्हणजे सुमारे ३.६८ किलोवॅटपर्यंत, वीज जाळ्यात सोडणारे यंत्र आधी बसवून मागाहून वितरण कंपनीला कळवण्याची मुभा आहे. त्याहून मोठ्या यंत्राला मात्र पूर्वमंजुरी लागते. म्हणून कित्येक घरांत इन्व्हर्टर याच मापाचा दिसतो. वेळापत्रकाच्या दृष्टीने हा आकडा फार महत्त्वाचा, कारण पहाटेचे तीन तास गुणिले ३.६ म्हणजे १०.८ युनिट, वाटेतली घट वजा जाता रिकामी बॅटरी त्या मुदतीत जेमतेमच भरते. बॅटरी काठाला येऊ लागली की ती प्रवाह मंद करून घेते आणि शेवटचे चार-पाच टक्के रेंगाळत भरतात, हे ज्याला ठाऊक नाही तो कागदावर पुरेसा वेळ दिसतो म्हणून निश्चिंत राहतो.

रात्री नऊच्या सुमारास भाचेसून ॲप उघडते. प्रथम ती बॅटरीतली शिल्लक पाहते. नंतर उद्याच्या उन्हाचा अंदाज पाहते. हा अंदाज सोलकास्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन संस्थेचा असून उपग्रहाने टिपलेल्या ढगांवरून तो बांधलेला असतो. त्यातली मला सर्वांत प्रामाणिक वाटलेली गोष्ट ही की, तो एक आकडा देत नाही, तीन देतो: बहुधा जे घडेल ते मधले, ज्याच्या खाली जाण्याची शक्यता दहात एक असे खालचे आणि ज्याच्या वर जाण्याची शक्यता दहात एक असे वरचे. त्यानंतर ती एकेकाला विचारते. उद्या कोण घरून काम करणार आहे? कपडे धुण्याचे यंत्र लावायचे आहे का? गाडी चार्ज करायची आहे का?

“मामा, तुम्ही उद्या दिवसभर घरीच ना?” असे तिने मला पहिल्यांदा विचारले तेव्हा मला तो सौजन्याचा प्रश्न वाटला.

“घरीच. का गं?”

“तुमची खोली गरम ठेवायची तर विजेचा हीटर लागेल. चार तास धरले तर अडीच-तीन युनिट. ते मला आजच मांडायला हवेत.”

मांडणे हा शब्द तिने नेमका योजला. ॲपमध्ये ती जे लिहिते ते असते अगदी थोडे: बॅटरी अमुक वाजता भरायला लाग, अमुक वाजता थांब, अमुक टक्क्यांपुढे भरू नकोस, अमुक वाजता बाहेर सोडायला लाग, अमुक टक्क्यांखाली उतरू नकोस, उरलेल्या वेळी घराची गरज भागव आणि जास्तीचे ऊन पोटात घे. पाचसहा आकड्यांचे हे फर्मान. त्यातल्या वेळा दरपत्रकाने ठरवून दिलेल्या, म्हणून क्वचितच बदलतात. खरा निर्णय टक्क्यांचा असतो. आणि त्यातही सर्वांत कठीण आकडा म्हणजे पहाटे पाच वाजता बॅटरी किती भरलेली असावी, हा.

भर हिवाळ्यात हा निर्णय सोपा असतो. त्या अक्षांशावर डिसेंबरातला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. पुण्याला त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो, एवढे सांगितले म्हणजे फरक कळावा. अभ्राच्छादित दिवशी छपरावरून युनिटभर वीज मिळाली तरी समाधान मानायचे. तेव्हा सूर्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. पहाटेच्या स्वस्त भावात बॅटरी शंभर टक्के भरून घ्यावी आणि दिवस तिच्यावर काढावा. जूनमध्येही निर्णय सोपाच. मध्यान्हीचा सूर्य ६२ अंशांवर, दिवस साडेसोळा तासांचा आणि निरभ्र दिवशी छपरावरून २५ युनिटांपर्यंत उत्पन्न. पहाटे वीज विकत घेण्याचे कारणच उरत नाही. या दोन ऋतूंत वेळापत्रक एकदा लिहून आठवडेच्या आठवडे तसेच ठेवले तरी फारसे बिघडत नाही.

खरी कसोटी एप्रिलची आणि सप्टेंबरची. एप्रिलच्या मध्यातला एक दिवस उदाहरणादाखल घेतो. अंदाज मधला १४ युनिटांचा, खालचा ६, वरचा १८. दुपारी चार वाजता बॅटरी काठोकाठ भरलेली असावी अशी इच्छा, कारण त्यानंतरच्या तीन तासांत तिच्यातील प्रत्येक युनिटाला उत्तम भाव आहे. पहाटे पाचपासून आठपर्यंत, ऊन वर येईतो, घर दीड युनिट खाईल. आठपासून चारपर्यंत आणखी अडीच. मधला अंदाज खरा ठरला तर चारच्या आत सुमारे ११ युनिट ऊन येईल, त्यातले अडीच घराला जाऊन साडेआठ बॅटरीसाठी उरतील. म्हणजे बॅटरीत साडेआठ युनिटांची जागा हवी, आणि त्यासाठी पहाटे पाचला ती तीस टक्क्यांवर थांबवली पाहिजे. खालचा अंदाज खरा ठरला तर मात्र चारच्या आत पाचच युनिट येतील, बॅटरीच्या वाट्याला अडीच. तेव्हा पहाटे ती नव्वद टक्के भरलेली हवी होती. एकाच दिवसाची दोन उत्तरे, तीस आणि नव्वद. आणि कोणते बरोबर हे दुसऱ्या दिवशी दुपारशिवाय कळणार नाही.

अशा वेळी मनाचा ओढा भरून ठेवण्याकडे असतो. भरलेले भांडे पाहून माणसाला धीर येतो. रिकाम्या जागेत त्याला उणीव दिसते. परंतु भरलेल्या बॅटरीलाही किंमत मोजावी लागते. समजा, रात्रीचा खरेदीभाव युनिटाला १६ पेन्स, दुपारचा विक्रीभाव १० आणि संध्याकाळचा विक्रीभाव २८ आहे. रात्री गरजेहून एक युनिट अधिक भरले तर दुपारचे तेवढे ऊन बॅटरीत मावत नाही व ते १० पेन्सांना बाहेर जाते. १६ ला घेतले, १० ला दिले, नुकसान सहाचे. उलट एक युनिट कमी भरले आणि ऊन पडले नाही, तर संध्याकाळी जे युनिट २८ ला विकले असते ते नाहीच. साठवणुकीत जाणारा सुमारे दहावा हिस्सा वजा करून २५ धरले, तर नफा बुडाला नऊचा. दोन्ही बाजूंना तोटा आहे. एका बाजूचा दुसरीच्या दीडपट आहे. म्हणून मधल्या अंदाजाने सांगितलेल्या तीसच्या पुढे जायचे, पण नव्वदपर्यंत धावायचे नाही. भाचेसुनेने त्या रात्री ५० हा आकडा लिहिला. मधला अंदाज खरा ठरला तर दोन युनिट ऊन स्वस्तात बाहेर जाईल, खालचा खरा ठरला तर संध्याकाळी चार युनिट कमी पडतील, आणि या दोन्ही शक्यता तिने डोळ्यांसमोर ठेवून पत्करल्या होत्या. ऊन किती पडेल हे जाणण्याचा आव त्यात नव्हता. अज्ञानाच्या दोन्ही टोकांची किंमत करून मग मधली जागा निवडण्याचा विवेक होता.

मला कोयना आठवली. १०५ टीएमसीचे ते धरण जुलैतच काठोकाठ भरून घेतले, तर ऑगस्टातल्या अतिवृष्टीचे पाणी ठेवायला जागा राहत नाही आणि ते एकदम खाली सोडावे लागते. म्हणून कोणत्या तारखेला पाणी कोणत्या पातळीवर असावे याचे तक्ते केलेले असतात, आणि पाऊस भर जोरात असतानाही अधिकारी धरणात मुद्दाम रिकामी जागा राखून असतात. लोकांना ते पाहून नवल वाटते, कधी रागही येतो. परंतु संचयाचे शास्त्र असे की, साठवण जितकी भरलेल्या भागाची असते तितकीच ती राखलेल्या पोकळीची असते. आणि पोकळी राखण्याला अधिक धैर्य लागते, कारण उद्याचा पाऊस वा उद्याचे ऊन आपल्या हाती नसते व चुकल्यास दोष मात्र आपल्या माथी येतो. घरगुती बॅटरीच्या वेळापत्रकाविषयी मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच. त्या पाचसहा आकड्यांत गृहस्थाचे शहाणपण ज्या एका आकड्यावरून ओळखावे, तो त्याने किती भरले याचा नसून किती जागा सोडली याचा आहे.

संध्याकाळच्या विक्रीतही हाच विवेक उलट अंगाने लागू पडतो. चार वाजता बॅटरी भरली आहे असे धरू. चार ते सात घराला दोन युनिट लागतील; सातपासून पहाटे दोनपर्यंत दिवे, फ्रिज, भांडी धुण्याचे यंत्र व इतर किरकोळ मिळून तीन; आणि तळाचे एक युनिट, म्हणजे दहा टक्के, बॅटरीच्या आरोग्यासाठी अस्पर्श ठेवायचे. दहातून सहा वजा जाता चार युनिट विकायला मोकळे. ३.६ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला त्यासाठी तासाभराहून थोडा अधिक वेळ पुरतो. मग ते चार वाजताच विकून मोकळे का होऊ नये? कारण त्यानंतर शेगडीवर काय चढेल ते चार वाजता ठरलेले नसते. पाहुणे आले, पुरणपोळीचा बेत झाला, तर दोनाचे साडेतीन होतात आणि रात्री अकरा वाजताच बॅटरी तळाला लागते. म्हणून भाचेसून ही विक्री साडेपाचनंतर ठेवते आणि चाळीस टक्क्यांवर थांब असा हुकूम त्यासोबत लिहिते. घराने आधी स्वतःचे घ्यावे, उरलेले जगाला द्यावे. या साध्या न्यायाला त्या दीड तासाच्या विलंबाने अंमल मिळतो.

यंत्राचे स्वभाव ओळखणे हा या कामाचा दुसरा भाग. आजच्या घरगुती बॅटऱ्या बहुतेक लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीच्या असतात. एका घटाचा दाब सुमारे ३.२ व्होल्ट, असे सोळा घट ओळीने जोडले की ५१.२ व्होल्टांची पेटी होते. या जातीचा गुण असा की भरताना वा रिकामी होताना तिचा दाब मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ स्थिर राहतो. आणि त्या गुणाची दुसरी बाजू अशी की, त्यामुळे दाबावरून शिल्लक ओळखता येत नाही. आत गेलेला व बाहेर आलेला प्रवाह मोजून यंत्र शिल्लक मांडत राहते आणि त्या मांडणीत बारीक चुका साचत जातात. ॲपवर दिसणारे ‘५२ टक्के’ हे म्हणूनच अनुमान असते. बॅटरी अधूनमधून एकदा पूर्ण भरली की दाब चढतो, काठ सापडतो आणि हिशेब जुळतो. वसंतात व शरदात, जेव्हा ती दिवसेंदिवस मधल्या पट्ट्यातच फिरत असते, तेव्हा भाचेसून काही आठवड्यांनी एक रात्र मुद्दाम शंभराचा आकडा लिहिते. त्या रात्री थोडा तोटा होतो. पण पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. खतावणी आणि रोजकीर्द यांचा मेळ घेण्यासाठी एक दिवस दुकान बंद ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचीच ही शिस्त आहे.

थंडीचेही भान ठेवावे लागते. शून्य अंशाखाली या घटांत वीज भरणे त्यांना अपायकारक असते, म्हणून थंडी वाढू लागली की बॅटरीचे अंतर्गत नियंत्रण भरण्याचा वेग आधी कमी करते व शेवटी भरणे थांबवते. ज्यांची पेटी उघड्यावर किंवा गारठलेल्या गॅरेजमध्ये आहे, त्यांचे पहाटेचे तीन तास अशा रात्री अपुरे पडतात. आणि नेमक्या अशाच रात्रींनंतरच्या दिवसांना विजेची गरज सर्वाधिक असते. म्हणून बॅटरी कुठे लावायची हे ठरवतानाच तिचे वेळापत्रक निम्मे ठरलेले असते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आणखी एक बाब गाडीची. घराच्या मुख्य तारेवर प्रवाह मोजणारी जी सीटी बसवलेली असते, तिला फ्रिज आणि मोटारगाडी यांतला भेद कळत नाही. तारेतून ओढली जाणारी प्रत्येक वीज तिच्या लेखी घराची गरज. पहाटे साडेतीनला बॅटरी ठरलेल्या टक्क्यांपर्यंत भरली आणि भरण्याचा हुकूम संपला, की काही इन्व्हर्टर आपल्या नित्य धर्माला परततात व घराची गरज भागवू लागतात. त्या वेळी अंगणात सात किलोवॅटने गाडी चार्ज होत असेल, तर नुकतीच भरलेली बॅटरी सर्व सामर्थ्यानिशी गाडीत रिकामी होऊ लागते. स्वस्त वीज बाहेर भरपूर असताना साठवलेली वीज खर्च होते, आणि सकाळी घरच्यांना बॅटरी तळाशी दिसते. त्यावर उपाय एकच: पहाटे २ ते ५ या मुदतीत बॅटरीने भरावे, पण सोडू नये, असा निषेध वेळापत्रकात स्वतंत्र कलमाने लिहिणे. काय करावे याच्याइतकेच काय करू नये हेही यंत्राला सांगावे लागते.

घड्याळाचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री एक वाजता घड्याळ एकदम दोनवर जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते तासभर मागे येते. इन्व्हर्टरचे घड्याळ आपोआप बदलले नाही, तर उन्हाळाभर त्याचे २ ते ५ म्हणजे प्रत्यक्षातले ३ ते ६ असतात; स्वस्त मुदतीचा पहिला तास वाया जातो आणि पाचनंतरचा तास मध्यम भावाने भरावा लागतो. संध्याकाळी तसेच, महाग भावाचा पहिला तास हातचा जातो. त्या दोन रविवारांच्या सकाळी भाचा शिडी-हातोडा काही न घेता फक्त गॅरेजमध्ये जातो, इन्व्हर्टरच्या पडद्यावरची वेळ मनगटावरच्या वेळेशी ताडून पाहतो आणि परत येतो. एवढ्या लहानशा तपासणीवर सहा महिन्यांचा हिशेब अवलंबून असतो.

विजेला प्रहराप्रमाणे भाव देण्याची रीत त्या देशात नवी नाही. रात्रीचे सात तास स्वस्त वीज देणारा ‘इकॉनॉमी सेव्हन’ हा दर तिथे १९७८ साली आला. लोकांनी विटा भरलेले हीटर घेतले, ते रात्री तापायचे आणि दिवसा ऊब सोडायचे. पुढे बीबीसीच्या १९८ किलोहर्ट्झच्या दीर्घलहरीवर, बातम्या व भाषणे चालू असतानाच, कानाला न कळणारे संकेत पाठवून हजारो घरांतली बटणे दुरून चालूबंद केली जात. त्याच काळात, १९८४ मध्ये, वेल्समधील डिनॉर्विग येथे डोंगराच्या पोटात असे जलविद्युत् केंद्र सुरू झाले, जे रात्री पाणी वर चढवते आणि मागणीच्या घटकेला खाली सोडते. आपल्या घाटघरला २००८ पासून अडीचशे मेगावॅटचे तसेच केंद्र आहे, आणि त्याचे वेळापत्रक कळव्याच्या टेबलावर मी पाहिलेले आहे. फरक इतकाच की, तेव्हा संचय आणि त्यावरचा हुकूम दोन्ही सरकारच्या किंवा मंडळाच्या अखत्यारीत असत. आता दहा युनिटांचा का होईना, एक संचय गृहस्थाच्या ताब्यात आला आहे आणि त्यावरचा हुकूमही त्यानेच लिहायचा आहे.

तो हुकूम लिहिताना केवळ नफ्याचा विचार पुरत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन नावाचे वादळ स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडवरून गेले तेव्हा सुमारे दहा लाख घरांची वीज गेली आणि काही घरे आठवड्याहून अधिक काळ अंधारात राहिली. जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी तसा नियमच आहे. तेव्हा अंधारात बॅटरी उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर घर जाळ्यापासून तोडणारे स्विच बसवावे लागते, आणि ते बसवल्यावर तळाचे दहा टक्के पुरेत की वादळाचा इशारा असताना चाळीस राखावेत, हे ठरवावे लागते. भाच्याच्या घरी असे स्विच आहे, आणि हवामानखात्याचा इशारा आला की भाचेसून विक्रीचे कलम त्या दिवसापुरते रद्द करते. मुलाच्या दम्याचे यंत्र विजेवर चालते. त्याच्यासाठी राखलेल्या युनिटांना बाजारभाव लावायचा नसतो.

हे सारे यंत्रानेच का करू नये, असा प्रश्न मी तिला विचारला. तशी सोय आहे. दरपत्रक, उन्हाचा अंदाज आणि घराचा आजवरचा वापर वाचून दर काही मिनिटांनी नवे वेळापत्रक लिहिणारे प्रोग्रॅम आहेत. आणि बॅटरीचे नियंत्रण कंपनीलाच देऊन टाकायचे, म्हणजे एका परीने तिला कुलमुखत्यारपत्र लिहून द्यायचे, अशीही योजना त्याच कंपनीने काढली आहे. ती म्हणाली, “मामा, बेरीज-वजाबाकी माझ्यापेक्षा तो प्रोग्रॅम चांगली करतो, आणि मी ती त्याला देऊनही टाकीन. पण तळाचा आकडा मी देणार नाही. तो का आहे, हे त्याला ठाऊक नाही.” त्या उत्तरात मला या विषयाची सीमारेषा स्पष्ट दिसली. किती ऊन पडेल, कोणता अर्धा तास स्वस्त आहे, किती घट होईल, हे गणित आहे आणि गणित यंत्राकडे जाणे इष्टच. परंतु कशासाठी राखायचे, कोणाच्या गरजेला अग्रक्रम द्यायचा आणि कोणता तोटा हसत सोसायचा, हे घराचे ठराव आहेत. ते घरात बसून, घरच्या माणसांशी बोलून व्हावे लागतात.

महाराष्ट्रात आज छपरांवर पॅनेल झपाट्याने चढत आहेत. नेट मीटरिंगमुळे आजवर जाळेच आपली बॅटरी होती. दुपारी दिलेले युनिट संध्याकाळी परत मिळे, आणि वेळापत्रक लिहिण्याची गरज कोणाला पडली नाही. पण जुलै २०२५ पासून महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत देऊ केली आहे. म्हणजे आपल्याही घरात विजेला प्रहराप्रमाणे भाव आला आहे. आपले ऊन रेडिंगच्या उन्हापेक्षा अधिक भरवशाचे, पण आपला पावसाळा चार महिन्यांचा. जून व ऑक्टोबर हे आपले एप्रिल आणि सप्टेंबर ठरतील. बॅटरी विकणाऱ्याने पेटीसोबत हमीपत्र द्यावे तसे ते पाचसहा आकडे कसे लिहावेत याचे मराठी पत्रकही द्यावे, आणि ग्राहकाला ते बदलण्याचा अधिकार कधीही कुलूपबंद करू नये. गृहस्थानेही पहिल्या दिवसापासून स्वतःचे दोन आकडे स्वतः ठरवावेत: उद्याच्या उन्हासाठी किती जागा रिकामी सोडायची आणि अडीअडचणीसाठी तळाशी किती राखायचे. बाकीचे आकडे यंत्राने लिहिले तरी चालेल. या दोन आकड्यांखाली मात्र घराची सही असली पाहिजे.